सेंट्रल पार्कमधील पाखरे आणि पाखरेवाले

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितले, "काका, तुम्ही तीनदा अमेरिकेला जाऊन आलात, तिकडचे काहीतरी लिहा." आता नायगारा, डिस्नेलँड आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा यांवर आपल्याकडे इतके लिहून झाले आहे की त्यात मी काय भर घालणार? मॉलबद्दल लिहावे तर आपल्या हायवेला आता त्याहून मोठे मॉल झालेत. म्हणून मी एका बागेबद्दल लिहिणार आहे. खरे म्हणजे त्या बागेत दर वसंतात उतरणाऱ्या पाखरांबद्दल, आणि पाखरांच्या मागे माना वर करून हिंडणाऱ्या माणसांबद्दल. बाग म्हणजे न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क. तिचा इतिहास वाचत गेलो तेव्हा त्यात मला एक बँकवाला भेटला, ज्येष्ठ नागरिकांचे विरंगुळा केंद्र भेटले, पार्किंगचे भांडण भेटले आणि एका को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या कमिटीने घेतलेला एक निर्णयही भेटला. तेव्हा आपल्या स्मरणिकेत हा विषय अगदीच परका वाटू नये.

मुलगा न्यू जर्सीत असतो. आम्ही उभयता नेहमी एप्रिल-मेमध्ये जातो, कारण आमच्या सौ.ना तिकडची थंडी सोसत नाही. आणि नेमका तोच हंगाम तिकडे पाखरांच्या येण्याचा. आपल्याकडे याच्या उलट असते बघा. मार्च-एप्रिल आला की आपले हिवाळी पाहुणे निघायच्या तयारीला लागतात. धोबी दिसेनासा होतो, पळसमैनांचे थवेच्या थवे पांगारा आणि सावरीवर शेवटची मेजवानी झोडून उत्तरेकडे मध्य आशियात जातात, आणि ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो पावसाच्या तोंडाशी हलतात. आपला वसंत हा निरोपाचा. त्यांचा वसंत स्वागताचा. मध्य व दक्षिण अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर हिवाळा काढलेली पाखरे या दिवसांत उत्तरेला, पार कॅनडाच्या जंगलांपर्यंत, अंडी घालायला जातात, आणि अटलांटिकच्या किनाऱ्याने जाणाऱ्या त्यांच्या वाटेवर न्यूयॉर्क शहर लागते.

यातली बहुतेक लहान पाखरे रात्री उडतात. रात्री हवा गार व शांत असते, ससाणे झोपलेले असतात. पहाटे खाली उतरायची वेळ झाली की खाली काय दिसते? सिमेंट, डांबर, काचा. आणि त्याच्या मधोमध एक लांबट हिरवा चौकोन, चार किलोमीटर लांब आणि पाऊण-एक किलोमीटर रुंद. आजूबाजूला मैलोन्‌मैल दुसरे रान नाही, म्हणून सगळी तिथेच उतरतात. मोठ्या अरण्यात जी पाखरे विखुरलेली असल्यामुळे दिवसभर हिंडूनही दिसायची नाहीत, ती इथे एका झाडावर चार-चार जातींची सापडतात. वर्षभरात दोनशेहून अधिक जातींची नोंद या बागेत होते. त्यात मानाचे स्थान वॉर्ब्लरना. आपण त्यांना वटवट्या म्हणू, जरी आपले वटवटे मातकट आणि त्यांचे म्हणजे रंगपंचमी. पिवळे, निळे, काळ्या टोपीचे, आणि एक तर निखाऱ्यासारख्या नारिंगी गळ्याचा, जो थेट अँडीज पर्वताकडून येतो. तीसहून अधिक प्रकारचे वटवटे या एका बागेत दिसतात. वजन किती? आठ ते बारा ग्रॅम. आमच्या वेळचे पाच रुपयांचे जाड नाणे आठवते का? कॅशियरला विचारा, ते बरोबर नऊ ग्रॅमचे होते. तेवढ्या वजनाचा जीव हजारो किलोमीटर उडून येतो, ओकच्या मोहोरावरच्या अळ्या दिवसभर खातो आणि अंधार पडला की पुढे निघतो. त्याला एका दिवसाची जागा हवी असते, जास्त नाही.

आता ही जागा आली कुठून? पाहणाऱ्याला वाटते, शहर वाढले आणि मधले रान शिल्लक राहिले. तसे मुळीच नाही. सेंट्रल पार्क हे नव्याण्णव टक्के माणसाने केलेले आहे. १८५३ साली कायदा करून जमीन ताब्यात घेण्यात आली. दलदल, खडक आणि अधूनमधून वस्ती अशी ती जमीन होती. १८५८ साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या दोघांचा आराखडा स्पर्धेतून निवडला गेला. त्यांनी तळी खणली, माती आणून ओतली, लाखो झाडे-झुडपे लावली. एकूण क्षेत्र ८४३ एकर. त्यात मधोमध 'रॅम्बल' नावाचा सुमारे ३६ एकरांचा भाग मुद्दाम गुंतागुंतीचा, वाकड्यातिकड्या पायवाटांचा, रानासारखा केला. पाखरांसाठी नव्हे बरे का; शहरी माणसाला घटकाभर वाट चुकल्याचा आनंद मिळावा म्हणून. त्यातून एक सुंदर ओहोळ वाहतो. मुलाने मला त्याचा उगम दाखवला, तर खडकाआड महापालिकेचे पाणी! म्हणजे झऱ्याला नळ आहे. पण वटवट्या त्यात आंघोळ करतो तेव्हा त्याला त्याने काही फरक पडत नाही.

ज्या जमिनीवर ही बाग उभी आहे तिचा सातबारा काढला तर जुन्या नोंदी वेगळ्याच नावांच्या निघतील. पश्चिमेच्या अंगाला 'सेनेका व्हिलेज' नावाचे गाव होते. १८२५ पासून तिथे कृष्णवर्णीय लोकांनी स्वतःच्या पैशाने जमिनी घेतल्या होत्या. तीन चर्चे होती, शाळा होती. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात काळ्या पुरुषाला मत द्यायचे तर २५० डॉलरची मालमत्ता नावावर असावी लागे, गोऱ्याला ती अट नव्हती. म्हणजे त्या प्लॉटला केवढी किंमत होती ते समजा. १८५७ पर्यंत गाव उठवले. नुकसानभरपाई दिली, पण गाव संपले, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे त्याची कोणाला आठवणही राहिली नाही. २०११ साली उत्खनन झाले तेव्हा घरांचे पाये आणि भांडीकुंडी सापडली. धरणासाठी गाव उठलेली मंडळी आपल्या सोसायटीतही आहेत. त्यांना मी जास्त सांगायला नको.

आता माझ्या आवडीच्या माणसाकडे येतो. फ्रँक चॅपमन. जन्म १८६४, गाव न्यू जर्सीतले एंगलवूड, आणि नोकरी न्यूयॉर्कच्या एका बँकेत. होय, बँकेत! रोज सकाळची गाडी पकडून कामावर जायचे, संध्याकाळी परत. आपल्यातल्या कोणाला हे नवीन नाही. पण हा पोरगा गाडीच्या आधी पहाटे उठून रानात जाऊन कोणते पाखरू आले, कोणते गेले याची टिपणे ठेवी. १८८६ मध्ये त्याने एक उद्योग केला. त्या काळी बायकांच्या हॅटवर पिसे, पंख आणि अख्खे पेंढा भरलेले पक्षी लावायची फॅशन होती. चॅपमनने कामानंतर दोन दिवस मॅनहॅटनच्या दुकानांच्या रस्त्यावरून फेरी मारली आणि चक्क हॅट मोजल्या. हॅट ७००. पिसे किंवा पक्षी असलेल्या ५४२. आणि ओळखू आलेल्या जाती ४०. त्यात सुतारपक्षी होते, समुद्रावरचे सुरय होते, एक घुबडसुद्धा होते. याला म्हणतात स्टॉक ऑडिट! कुठे भाषण नाही, शिव्याशाप नाहीत; फक्त यादी केली आणि मासिकाला पाठवून दिली. मला नेहमी वाटते की बँकेत शिकलेला माणूसच हे करू जाणे. त्या यादीने जे काम केले ते शंभर अग्रलेखांनी झाले नसते. त्याच वर्षी पक्षिरक्षणाची पहिली ऑड्युबॉन सोसायटी न्यूयॉर्कमध्ये निघाली, १९०० मध्ये पक्ष्यांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध केंद्राचा कायदा झाला आणि १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण देणारा कायदा आला, जो आजही चालू आहे.

चॅपमनने त्याच साली बँकेचा राजीनामा दिला. घरी काय बोलणी झाली असतील याची कल्पना मी करू शकतो. पुढे १८८८ मध्ये तो सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला लागून असलेल्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये लागला आणि १९४२ पर्यंत तिथेच राहिला. चोपन्न वर्षे! पेन्शनची फाइल केवढी झाली असेल. १९०० च्या नाताळात त्याने आणखी एक प्रथा पाडली. तोपर्यंत नाताळच्या दिवशी दोन गट पाडून जास्तीत जास्त प्राणी-पक्षी कोण मारतो अशी शर्यत लागे. चॅपमन म्हणाला, मारण्याऐवजी मोजा. पहिल्या वर्षी २७ माणसांनी २५ ठिकाणी मोजणी केली. त्यातले एक ठिकाण सेंट्रल पार्क होते. ती नाताळची मोजणी आजतागायत चालू आहे, आणि पक्षी वाढले की घटले हे सांगायला शास्त्रज्ञांना त्याच वह्या उपयोगी पडतात.

पण बागेत सगळेच शहाणे नव्हते. १८९० मध्ये यूजीन शिफेलिन नावाच्या श्रीमंत गृहस्थाने युरोपातून आणलेल्या साठ स्टारलिंग पक्ष्यांना सेंट्रल पार्कमध्ये सोडले, पुढच्या वर्षी आणखी चाळीस. स्टारलिंग म्हणजे आपल्या साळुंकीचा चुलतभाऊ, तितकाच भांडखोर. त्यांची संख्या पुढे कोटींवर गेली आणि त्यांनी स्थानिक पाखरांच्या ढोलीच बळकावल्या. शेक्सपियरच्या नाटकांत उल्लेख असलेले सगळे पक्षी अमेरिकेत आणायचे म्हणून त्याने हे केले, अशी गोष्ट तिकडचा प्रत्येक माणूस सांगतो. आमच्या सूनबाईंनीही सांगितली. अलीकडे अभ्यासकांनी जुने कागद तपासून त्या शेक्सपियरच्या भागाला काही आधार नसल्याचे दाखवले आहे. पाखरे सोडली हे मात्र खरे.

सुरुवातीच्या काळात पक्षी ओळखायचा म्हणजे बंदुकीने पाडायचा आणि हातात घेऊन बघायचा अशी रीत होती. 'पाडला नाही तर नोंद खरी नाही' असे मोठमोठे तज्ज्ञ म्हणत. म्युझियममधल्या लडलो ग्रिस्कम याने ही रीत मोडली. डोळे आणि दुर्बीण यांवर नुसत्या हालचालीवरून, आवाजावरून पक्षी ओळखता येतो हे त्याने करून दाखवले. त्याच्यामागे ब्राँक्स भागातल्या शाळकरी पोरांची एक टोळी लागली. १९२४ मध्ये या पोरांनी स्वतःचा क्लब काढला. पैसा नाही, मोटार नाही, भुयारी रेल्वेने आणि पायी फिरायचे. त्यांच्यात बाहेरून येऊन सामील झालेला एक चित्रकलेचा विद्यार्थी होता, रॉजर टोरी पीटरसन. त्याने १९३४ मध्ये खिशात मावेल असे पक्षी ओळखायचे पुस्तक काढले. चित्र काढून ओळखीच्या खुणेवर बाण दाखवलेला, बस. अनेक प्रकाशकांनी नाकारलेल्या त्या पुस्तकाची २००० प्रतींची पहिली आवृत्ती पाहता पाहता संपली. तेव्हा मंदी चालू होती हे लक्षात घ्या.

याच गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईला येऊन मिळतो. १९३१ मध्ये म्युझियममध्ये जर्मनीहून एर्न्स्ट मायर नावाचा तरुण शास्त्रज्ञ आला. चॅपमन तेव्हा तिथला साहेब. मायर पुढे विसाव्या शतकातला फार मोठा जीवशास्त्रज्ञ झाला, पण त्या दिवसांत तो ब्राँक्सच्या पोरांना जवळ बसवून सांगे की नुसत्या जाती मोजू नका, एखादा प्रश्न घेऊन त्याचा अभ्यास करा. हा मायर बर्लिनच्या एर्विन स्ट्रेझमान यांचा शिष्य. आणि त्याच स्ट्रेझमान यांच्याकडे बर्लिनला जाऊन शिकलेला दुसरा माणूस म्हणजे आपले सलीम अली! परत आल्यावर त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा जो अभ्यास केला तो किहीमला, आपल्या अलिबागजवळ. पीटरसनच्या पुस्तकानंतर सात वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. त्या पुस्तकाची एक प्रत आमच्या शाखेतल्या हेडकॅशियरकडे होती, दुपारच्या डब्याच्या वेळी ती आम्ही चाळायचो. मला पाखरांचा नाद लागला तो तिथून.

आता भांडणाचा भाग. १९५५ साली न्यूयॉर्कच्या उद्यानखात्याचे प्रमुख रॉबर्ट मोझेस होते. हा माणूस म्हणजे शहराचा अनभिषिक्त राजा. पूल, रस्ते, बागा सगळे त्याच्या हुकमाने. त्याने जाहीर केले की रॅम्बलमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र बांधायचे. एका धर्मादाय संस्थेने अडीच लाख डॉलर देऊ केले होते. सुमारे १४ एकरांना कुंपण, आत इमारत, बाके, खेळांची सोय. ऐकायला किती चांगले! विरोध करणार कोण? म्हाताऱ्यांच्या विरुद्ध बोलणारा माणूस वाईटच दिसतो. तरी पाखरेवाले उभे राहिले. पत्रे लिहिली, वर्तमानपत्रांना गाठले, सभा घेतल्या. म्हणणे एवढेच, की केंद्र जरूर बांधा, पण ८४३ एकरांत नेमकी हीच जागा का? संपूर्ण शहरात मे महिन्यात पाखरांना उतरायला याहून चांगली जागा नाही. आणि रॅम्बलमध्ये रोज येणाऱ्यांत म्हातारी माणसे काही थोडी नव्हती. त्यांना कुंपण आणि इमारत नको होती, त्यांना जे होते तेच हवे होते. मी स्वतः आता त्याच वयाचा आहे, तेव्हा हे मत मी अधिकाराने देऊ शकतो. शेवटी देणगी देणाऱ्या संस्थेनेच पैसे मागे घेतले आणि योजना बारगळली. मोझेसच्या योजना अशा बारगळत नसत.

पुढच्याच वर्षी पार्किंगचे प्रकरण झाले. पार्कच्या पश्चिमेला एक महागडे हॉटेल आहे. त्याच्या गिऱ्हाइकांच्या ८० मोटारी लावता याव्यात म्हणून बाजूचा अर्धा एकराचा हिरवा तुकडा, जिथे आसपासच्या बायका मुलांना खेळायला आणत, तो मोझेसने डांबरी करायचे ठरवले. कोणाला काही सांगितलेले नव्हते. मोजणी करणारे जेवायला गेले तेव्हा त्यांचा नकाशा एका आईच्या नजरेला पडला, म्हणून कळले. एप्रिल १९५६ मध्ये बाबागाड्या घेऊन बायका बुलडोझरपुढे उभ्या राहिल्या. मोझेसने रात्री कुंपण घालून काम सुरू केले, झाडे पाडली. त्याचे फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत, आणि प्रकरण कोर्टात. उन्हाळ्यात मोझेसला माघार घ्यावी लागली आणि त्या जागी मुलांचे क्रीडांगण झाले. अर्धा एकर म्हणजे किती? ८४३ एकरांच्या हिशेबात तो पैशातही धरता येत नाही. पण त्याचे बलाढ्य राज्य तिथून उताराला लागले असे त्याचे चरित्रकार लिहितात.

इथे संपादकांना विनंती की हा परिच्छेद कापू नये. आपल्या बी-विंगच्या मागचा पट्टा, जिथे दोन जांभळे, करंज आणि आपोआप उगवलेला उंबर आहे, तिथे पेव्हर ब्लॉक टाकून चौदा गाड्यांची सोय करायचा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. गाड्यांची अडचण खोटी नाही. रात्री साडेनऊनंतर येणाऱ्यांना गेटबाहेर लावावी लागते, पोलीस टो करतात, हे मी पाहतो. पण त्या पट्ट्यात गेल्या अकरा वर्षांत मी सत्तेचाळीस प्रकारची पाखरे लिहून ठेवली आहेत. दर ऑक्टोबरला हळद्या येतो, मार्चमध्ये जातो. दोन वेळा लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक त्या उंबरावर आठवडाभर राहून गेला. तळमजल्यावरच्या मुलांनी शाळा बुडवून तो पाहिला. वही कोणालाही पाहायला मिळेल, माझ्याकडे १०३ मध्ये आहे. यांत्रिक स्टॅक पार्किंगचे दरपत्रक मागवावे असे मी सेक्रेटरींना लेखी दिले आहे. बाकी सभेत बोलेन.

वहीवरून आठवले. सेंट्रल पार्कच्या तळ्याकाठी बोटहाउस आहे, तिथे १९७० च्या दशकापासून एक जाड रजिस्टर ठेवलेले असे. ज्याला जे दिसले त्याने ते त्यात लिहायचे. तारीख, वेळ, जागा, पक्षी. कोणीतरी चुकीचे लिहिले तर दुसरा खाली शेरा मारी. आपल्या वॉचमनकडच्या व्हिजिटर रजिस्टरसारखेच, फक्त व्हिजिटर कोलंबियाहून उडत आलेले. तो काळ बागेला वाईट होता. शहराचे दिवाळे निघत आले होते, हिरवळीची धूळ झाली होती, पुलांवर रंगाने लिहिलेले, सायंकाळी आत जायची भीती. तरी पाखरे येत राहिली आणि पाखरेवालेही जात राहिले. १९८० मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने संस्था निघाली, तिने देणग्या जमवून बाग सावरली. सावरतानाही खटके उडाले. बागकामवाल्यांनी जुना देखावा परत आणायचा म्हणून रॅम्बलमधली काही झाडे तोडली, तर पाखरेवाले चिडले, कारण देखाव्याच्या दृष्टीने निरुपयोगी अशा जंगली चेरीच्या फळांवर त्यांची पाखरे जगत. नंतर दोघे एका टेबलावर बसू लागले.

स्टार सॅफिर नावाच्या बाईंनी तीस वर्षांहून अधिक काळ इथे पाखरे दाखवायच्या फेऱ्या काढल्या. फी आठ डॉलर. हंगामात आठवड्यातून तीन-तीन दिवस, पाच-पाच तास चालणे. कॅन्सर झाल्याचे कळल्यावरही त्या येतच राहिल्या. त्या २०१३ मध्ये गेल्या. त्यांच्यावर आणि इथल्या इतर पाखरेवाल्यांवर २०१२ साली निघालेला माहितीपट मला मुलाने दाखवला. आपल्याकडे वारीला जाणारी माणसे असतात ना, तसा त्या बाईंचा चेहरा मला वाटला.

आता सोसायटीची गोष्ट. पार्कच्या पूर्वेला फिफ्थ अव्हेन्यूवर ९२७ नंबरची इमारत आहे. ती को-ऑपरेटिव्ह आहे, म्हणजे आपल्यासारखीच शेअर सर्टिफिकेट, कमिटी, मेंटेनन्स वगैरे, फक्त एका फ्लॅटच्या किमतीत आपल्या चारही विंग येतील. तिच्या बाराव्या मजल्याच्या खिडकीवरच्या कोरीव कठड्यावर १९९० च्या दशकात लाल शेपटीच्या बाजांच्या एका जोडीने घरटे केले. नराचा रंग फिकट, म्हणून त्याचे नाव 'पेल मेल' पडले. खाली तळ्याकाठी लोक दुर्बिणी लावून बसू लागले, मेरी विन यांनी त्यावर पुस्तक लिहिले, ते १९९८ मध्ये आले. घरट्यातून खाली उंदीर-कबुतरांचे अवशेष पडत, फूटपाथ घाण होई, हेही तितकेच खरे. ७ डिसेंबर २००४ रोजी कमिटीने घरटे काढून टाकले आणि ज्या खिळ्यांच्या आधाराने ते उभे होते तेही काढले. घरट्यात अंडी-पिले नव्हती, त्यामुळे कायद्याने अडचण नव्हती. पण अडीचशे किलो ठराव पास केला तरी लोकांच्या मनाचे काय? रस्त्यावर निदर्शने, मोटारींचे भोंगे, टीव्हीच्या गाड्या. इमारतीतच राहणाऱ्या प्रसिद्ध अभिनेत्री मेरी टायलर मूर कमिटीच्या विरोधात खाली उतरून निदर्शकांत उभ्या राहिल्या. महिना संपायच्या आत कमिटीने पोलादी पाळणा बसवून जागा परत दिली. जोडी परत आली. मात्र त्यानंतरची काही वर्षे तिथली अंडी फळली नाहीत. काढायला एक सकाळ लागली होती.

२५ मे २०२० ची घटना पुष्कळांनी वाचली असेल. ख्रिश्चन कूपर हे कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षक सकाळी रॅम्बलमध्ये होते. तिथे कुत्रा मोकळा सोडायला बंदी आहे, कारण पाखरे जमिनीवर उतरून खातात. त्यांनी एका गोऱ्या बाईंना कुत्र्याला पट्टा लावायला सांगितले, तर त्या बाईंनी पोलिसांना फोन करून एक काळा माणूस आपल्याला धमकावतो आहे असे सांगितले. कूपर यांनी ते चित्रित केले होते म्हणून बरे. त्याच दिवशी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला. सेनेका व्हिलेज उठले त्याच बागेत, तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, हे घडले. पुढे २०२४ मध्ये शहरातल्या पक्षिप्रेमींच्या संस्थेने ऑड्युबॉन हे नावच सोडले, कारण तो थोर चित्रकार गुलाम बाळगणारा होता.

सध्याची मोठी लढाई काचेशी आहे. काचेत झाडाचे प्रतिबिंब दिसते, पाखरू झाड समजून धडकते. एकट्या न्यूयॉर्क शहरात वर्षाला ९० हजार ते २ लाख ३० हजार पाखरे अशी मरतात असा तिथल्या संस्थेचा अंदाज आहे. जाविट्स सेंटर नावाचे प्रदर्शनाचे मोठे सभागृह यासाठी कुप्रसिद्ध होते. त्याची काच बदलून बारीक ठिपक्यांची घातली, तर मृत्यू सुमारे ९० टक्क्यांनी घटले. २०१९ च्या डिसेंबरात महापालिकेने नियम केला की नव्या इमारतींना जमिनीपासून ७५ फुटांपर्यंत पाखरांना दिसेल अशीच काच हवी. आपल्याकडे रीडेव्हलपमेंटच्या माहितीपत्रकांत सगळीकडे निळ्या काचेचे टॉवर दाखवतात. बिल्डरला हा ठिपक्यांचा प्रश्न कोणी विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे लिहून थांबतो. एप्रिलच्या अखेरीपासून वीस मेपर्यंतचे दिवस उत्तम. रात्री दक्षिणेचा वारा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जरूर जावे. एडिसन किंवा मेट्रोपार्कहून गाडीने पेन स्टेशन, तिथून 'सी' मेट्रोने ८१ व्या रस्त्याचे म्युझियमचे स्टेशन. बाहेर आलात की समोर पार्क. सात वाजेपर्यंत पोहोचावे, नंतर कुत्री आणि सायकली वाढतात. मेमध्येही सकाळी गारठा असतो, मफलर असू द्या. पायवाटा उंचसखल आहेत, गुडघेवाल्यांनी काठी घ्यावी. स्वच्छतागृह बोटहाउसला आहे. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते, मोठी घेऊ नये, मान आणि हात दोन्ही दुखतात. आणि पाच-सहा माणसे एका झाडाकडे तोंड करून गप्प उभी दिसली तर बिनदिक्कत जवळ जाऊन उभे राहा. काय आहे म्हणून विचारलेत की ती आपली दुर्बीण तुमच्या हातात देतात.